खोलीची साथ

पवनीत खोली भाड्याने देण्याआधी मास्तरांनी माझी काहीच चौकशी केली नाही. गाव कोणतं, पगार किती, लग्न झालं का, घरमालक जे जे विचारतो त्यातलं एक अक्षर नाही. त्यांनी कुलूप काढलं, मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, खोलीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि एक टाळी वाजवली. एकच. मग मान कलती करून ती टाळी कुठे जाते ते ऐकत राहिले. मला तर ती कुठे गेल्यासारखी वाटली नाही. मी मोटरसायकलवरून उतरवलेला तबला-डग्गा काखेत धरून उभा होतो आणि मनात म्हणत होतो की दुसरी खोली बघावी लागणार.

"खाट त्या कोपऱ्यात नोका टाकू," ते म्हणाले. "तिथं घुमते. तुम्ही घोरता का जी?"

"मले काय मालूम?"

"बराबर आहे. घोरनाऱ्याले कधीच मालूम नसते." मग माझ्या काखेकडे बघून म्हणाले, "डग्गा वाजवता? मंग तं त्या कोपऱ्याच्या जवळही नोका जाऊ."

अशी मला खोली मिळाली आणि मास्तरही मिळाले. मी तालुक्याच्या कचेरीत बदलून आलेला कारकून, मूळचा भंडाऱ्याचा. सहा वर्षं तबला शिकलेलो आणि सोळा वर्षं शिकल्याची घमेंड बाळगणारा. मास्तर सत्तरीच्या घरातले, उंच, किडकिडीत, खांद्यावर कायम एक हातमागाचा पंचा. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते हा कागद डोळ्यांजवळ धरतील आणि "नाव काहून टाकलं? मोठ्यानं वाचलं तं घुमते ना," असं काहीतरी म्हणतील.

ते कोणत्याही शाळेत मास्तर नव्हते. घर विणकरांचं, सगळी हयात मागावर गेली. पण गावातल्या दोन पिढ्यांना पेटी त्यांनी शिकवली म्हणून तोंडावर सगळे मास्तर म्हणत आणि पाठ फिरली की टाळीमास्तर. कारण टाळी ही त्यांची जन्माची खोड होती. दवाखान्यात गेले की टाळी, कचेरीत आले की टाळी. आमचे साहेब एकदा दचकून खुर्चीतून उठले होते. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा बैठकीत पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी टाळी वाजवली. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुण्यांना घर आणि मुलगी दोन्ही पसंत. त्यांनी चहाच्या आधी पेढेच आणले. मग तोंडात पेढा असताना नाही कसं म्हणणार? तो संसार आजही बरा चालला आहे. मयतीच्या घरी मात्र मास्तर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून बसत. एका हाताचा दुसऱ्यावर भरवसा नसल्यासारखे.

सुरुवातीला मीही हसलो. मग एका गुरुवारी त्यांनी मला भजनाला नेलं आणि माझं हसू कायमचं बंद झालं.

भजन मंडळाची खोली म्हणजे जुन्या दगडी भिंती आणि वर टिनाचं छप्पर. जमिनीवर जागोजागी चुन्याच्या फुल्या मारलेल्या. टाळवाले कुठे, पेटी कुठे, झील धरणाऱ्या बाया कुठे, प्रत्येकाची फुली ठरलेली. मी ऐटीत भिंतीला पाठ लावून बसलो, डग्गा मांडीशी घेतला आणि पहिलाच हात असा मारला की छपराची धूळ खाली यावी.

मास्तर पेटी सोडून उठले. "भिंतीपासून दूर व्हा जी."

"काहून?"

"तुम्ही एक डग्गा वाजवून राहिले, भिंत दुसरा वाजवून राहिली. कोपऱ्यात बसले असते तं तीन वाजले असते. आमच्या मंडळात एकच तबलजी आहे. बाकीचे दोन भिंतीत जाऊ द्या."

त्यांनी मला माझ्या फुलीवर बसवलं आणि डग्ग्याखाली एक पोतं दिलं. त्यात तनीस भरलेली होती, धान झोडपल्यावर उरते ती. माझ्या डग्ग्याला बैलाच्या चाऱ्यावर बसवल्याचं मला फार लागलं. मी फुगून वाजवायला लागलो. तेव्हा त्यांनी दुसऱ्या एकाला माझ्या जागी बसवलं आणि मला दाराशी नेऊन उभं केलं.

"आता आयका. बाई गाऊन राहिली ते आयकू येते?"

मी ऐकलं. समोर एक बाई गात होती. तोंड हलताना दिसत होतं, पण कानाशी येत होता तो सगळा डग्गा, टाळ आणि पेटी. मग मास्तरांनी तिथूनच हाताने खुणा केल्या. डग्गा पोत्यावर गेला, टाळवाल्या दोघांनी तोंडं खिडकीकडे वळवली, आणि ती बाई सरकून खोलीच्या मध्यापासून जरा डावीकडे, एका मोठ्या फुलीवर जाऊन बसली. मास्तरांनी आवाज वाढवायला कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी तिचा आवाज गर्दीतून वाट काढत यावा तसा सरळ दारापर्यंत आला. शब्दन्‌शब्द कळत होता. आवाज तोच होता, बारीक, पण आता तो खोलीभर होता.

"त्या जागेवर ही खोली गानाऱ्याच्या बाजूनं आहे," मास्तर म्हणाले. "बाकी सगळ्या जागेवर वाजवनाऱ्याच्या बाजूनं. ते एक जागा सापडाले मले अकरा वर्षं लागले."

अकरा वर्षं दर गुरुवारी एक माणूस एका खोलीत टाळ्या वाजवत हिंडतो, हे मी कचेरीत कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी आम्हा दोघांनाही वेड्यात काढलं असतं. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

ती बाई सुमित्रा. घाटाकडच्या मोहल्ल्यात राहायची. नवरा नदीत जाळं टाकायचा आणि ती बाजारात मासे विकायची. सारा बाजार आरोळ्या ठोकत असताना ही गप्प बसून असायची, तरी हिची टोपली सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची. आवाज मुळातच लहान. पण तिची सुराची जागा अशी पक्की की मास्तर पेटीवर बोट ठेवण्याआधी ती तिथे पोचलेली असे. मास्तरांनी तिला आमच्या मंडळाची पुढची गायिका केलं होतं, आणि हे आमच्या अध्यक्षांच्या पचनी पडत नव्हतं.

अध्यक्षांचं कपड्याचं दुकान होतं आणि आवाज असा की घाटावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरची गुरं वळावीत. मनाने माणूस वाईट नव्हता. पण भजन म्हणजे ऐकू गेलं पाहिजे, हे त्यांचं एका ओळीचं शास्त्र होतं. आमचं मंडळ तीन वर्षं सारखं स्पर्धेत हरत होतं आणि परीक्षकांचा शेरा दर वेळी एकच, की गायिकेचा आवाज पोचत नाही.

"मास्तर, तुमच्या खोलीत पोचत असन," अध्यक्ष एका गुरुवारी सगळ्यांसमोर म्हणाले. "पन स्पर्धा तुमच्या खोलीत नाही होत ना. यंदा भंडाऱ्याजवळ शहापुरात आहे, हायवेवरच्या नव्या कार्यालयात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला तं ठीक. नाही गेला तं पुढच्या सालापासून सुमित्राबाई मागं बसन, टाळ धरून. पुढं मी गाईन."

मास्तर एवढंच म्हणाले, "ठीक आहे."

सुमित्रा मात्र बाहेर पायऱ्यांवर मला म्हणाली, "दादा, मागं बसून टाळ वाजवाले सासू मले सोडनार नाही जी. पुढं गाते म्हनून सोडते. सांगते चार लोकायले, आमची सून गाते म्हनून. त्या दिवशी आवाज नाही गेला तं माहं गानं चुलीजवळच राहीन." ती हसत हसत म्हणाली, पण टोपलीच्या कडेची काडी तिने तेवढ्यात मोडून तिचे चार तुकडे केले होते.

त्या रात्री जेवताना मी मास्तरांना विचारलं की लहान आवाजाचा एवढा ध्यास तुम्हाला का. गावात मोठ्या आवाजाची माणसं काय कमी आहेत?

ते हात धुवायला उठले. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मागाच्या खोलीत दिलं. ही घराच्या मागच्या बाजूची लांबट खोली. एकेकाळी तिथे चार माग चालत, मी आलो तेव्हा एकच उरला होता आणि मास्तर सकाळी दोन-तीन तास तो चालवत. साऱ्या गावाच्या खोल्या तपासणारा हा माणूस त्या एका खोलीत कधी टाळी वाजवत नसे. मी एकदा गमतीने म्हटलं होतं, तेव्हा "हे खोली मले मालूम आहे" म्हणून विषय संपवला होता.

"माह्या मायच्या गान्याचा आवाज कसा होता ते मले मालूम नाही," आडवा धागा नेणारा धोटा हातात घेऊन ते म्हणाले.

"गात नव्हत्या का?"

"गात होती ना. दिवसभर गाये. तेच तं."

मग त्यांनी सांगितलं. चारी माग चालू असले की त्या खोलीत शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. आई खिडकीखाली चरख्यावर कांड्या भरत बसे, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या. तिचे ओठ सारखे हलत. मान डोलत असे, कधी डोळे मिटत, कधी ती एखाद्या जागी थांबून हसत असे. मागावर बसलेल्या मास्तरांना हे सगळं दिसायचं आणि ऐकू काही यायचं नाही. विचारलं तर म्हणायची, काही नाही रे, असंच.

"मी मुद्दाम मधातच माग थांबवून पाहो. बाकीच्यायलेही खूण करो. माग थांबला का तिचं तोंड बंद. आवाजाच्या आडोशानं गात होती ते. आडोसा गेला का लाजे. मंग काका लोक सुरतेले गेले, माग मोडले. खोली अशी चूप झाली का धागा तुटला तं आयकू येईन. मले वाटलं, आता आयकू येईन माय. तं तिनं गानंच सोडलं."

त्यांनी धोटा फेकला आणि माग सुरू केला, म्हणजे मला पुढे काही विचारता येऊ नये. मी तिथेच बसून राहिलो. मला त्या क्षणी माझ्या सहा वर्षांच्या तबल्याची, माझ्या जड हाताची मनापासून लाज वाटली.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी शहापुरात पोचलो, कारण खोली रिकामी असताना ऐकावी लागते हा मास्तरांचा नियम. मागून एका टेम्पोत तनसीची अकरा पोती, सतरंज्या, गोधड्या आणि मास्तरांच्या घरची न खपलेली लुगडी. कडाक्याची थंडी पडली होती. कार्यालयाच्या व्यवस्थापकाला वाटलं आम्ही लग्नाच्या चुकीच्या तारखेला आलो.

सभागृह चकचकीत होतं. खाली फरशी, भिंतींनाही छातीपर्यंत फरशी, काचेच्या मोठ्या खिडक्या. मास्तर मधोमध गेले आणि टाळी वाजवली. ती टाळी चारही भिंतींना भेटून, छताला विचारून, सावकाश परत आली आणि आल्यावरही गेली नाही.

"बडबडी आहे," मास्तर म्हणाले. "एक सांगा, दहा सांगते. हिचं तोंड बंद करा लागते."

दोन तास आम्ही तेच केलं. कोपऱ्यांत पोती रचली, खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, मंचामागची अख्खी भिंत गोधड्यांनी आणि लुगड्यांनी झाकली. अध्यक्ष दाराशी उभे राहून आम्ही त्यांच्या ओळखीचे नाही असं दाखवत होते. मास्तर मधूनमधून टाळी वाजवत, एखादं लुगडं हातभर सरकवत, पुन्हा वाजवत. शेवटी त्यांनी सुमित्राला मंचाच्या पुढच्या कडेला बसवून चार ओळी गायला लावल्या. त्या रिकाम्या सभागृहात तिचा आवाज असा स्वच्छ आला की टेम्पोवालासुद्धा विडी विझवून आत आला. मास्तर खूश झाले. फार दिवसांनी मी त्यांना स्वतःवर खूश झालेलं पाहिलं.

मग लोक यायला लागले. आमचा नंबर दुपारचा होता. दोन मंडळं झाली, तीन झाली. गावोगावचे लोक भरत गेले, खुर्च्या संपल्या, बाया खाली बसल्या. चौथ्या मंडळाचं भजन संपलं आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या मास्तरांनी मान कलती केली. त्यांचा चेहरा उतरला.

"एवढ्या टाळ्या," ते म्हणाले, "अन एकही वापस नाही आली."

"म्हंजे?"

"चुकलो जी. जनम गेला, अन आज समजलं. मी नेहमी रिकामी खोली आयकतो. मानसं कुठं आयकली?" त्यांनी सभागृहाकडे हात केला. शाली, स्वेटर, कानटोप्या, घोंगड्या. "हे मानसं नाही, गोधड्या येऊन बसल्या. वरून मी आपल्या टांगल्या. विनकराची अक्कल, कपड्याशिवाय दुसरं सुचलं नाही. खोली मारून टाकली मी. पोरगी गाईन अन आवाज तिच्या पदरातच पडन."

पुढचं नाव आमचंच पुकारलं गेलं.

मी सुमित्राकडे पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं. तिने नुसता पदर नीट केला. मी म्हटलं, "मास्तर, माईक आहे ना. त्याले आवाज वाढवाले सांगू."

"सकाळपासून वाढवूनच राहिले ना बापा. माईक वाढला का तिच्या आधी टाळ वाढते, डग्गा वाढते. मंग तो शिट्टी मारते." आणि ते उठले.

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. सत्तर वर्षांचा माणूस भरल्या सभागृहासमोर खुर्चीवर चढला आणि मंचामागच्या भिंतीवरची लुगडी, गोधड्या एकामागून एक ओढून खाली टाकायला लागला. मी धावलो. दोघं मिळून भिंत मोकळी करत होतो. लोक हसायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "लुगडे विकाले आनले का बे?" निवेदक म्हणत होता, मंडळ तयारी करत आहे, मंडळ तयारी करत आहे. मास्तरांच्या कानावर यातलं काही जात नव्हतं. भिंत उघडी झाली. कोपऱ्यांतली पोती त्यांनी तशीच ठेवली, त्यातलं एक आणून माझ्या डग्ग्याखाली दिलं आणि मला मंचाच्या पार पुढे, कडेला बसवलं. सुमित्राला उठवून मागे नेलं, त्या उघड्या फरशीच्या भिंतीपाशी.

"पाठीमागं हातभर जागा ठेव," ते तिला म्हणाले. "हे भिंत तुह्या संगं गाईन. लोकायच्या अंगावर नोको जाऊ. जोर नोको लावू. घरात गातेस तशी गाय."

मग माईकवाल्याला म्हणाले, "बंद कर."

"बंद?"

"दोन्ही माईक. अन मी मागं जाऊन आयकतो."

"पेटी कोन वाजवन?" अध्यक्ष कुजबुजले.

"तुम्ही." मास्तरांनी त्यांना पेटीसमोर बसवलं आणि त्यांचं बोट धरून एका काळ्या पट्टीवर ठेवलं. "हे एवढी दाबून ठेवा. भाता हलका मारा. दुसरी पट्टी दाबू नोका, अन गाऊ तं बिलकूल नोका."

अध्यक्षांनी दुसऱ्या हाताने भाता धरला. मास्तर मंचावरून उतरले, माझ्याकडे वळून म्हणाले, "मी शेवटच्या भिंतीले उभा राहतो. मले आयकू नाही आलं तं हात वर करन. तुम्ही कमी व्हा." आणि गर्दीतून वाट काढत मागे गेले.

सुमित्राने सुरुवात केली. मी अगदी हलका ठेका धरला. पहिली ओळ संपली आणि लांबवर, सगळ्या डोक्यांच्या पलीकडे, तो किडकिडीत हात वर गेला. मी कमी झालो. पुढच्या ओळीला पुन्हा हात वर. मी तळवा उचलला, नुसती बोटं ठेवली. हात खाली येत नव्हता. हिचं गाणं चुलीजवळ जाणार की इथे राहणार, ते त्या हातात होतं आणि माझ्या बोटांत होतं. मी बोटांच्या टोकांनी वाजवत होतो, मला स्वतःला ऐकू येत नव्हतं. हात वरच. टाळवाले माझ्याकडे बघत होते. मी त्यांना डोळ्यांनी खूण केली, त्यांनी टाळ मिटले. आणि मग मी माझे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

तबलजीला यापरती दुसरी शरणागती नाही. पण त्या क्षणी जे झालं ते मी देवळातही अनुभवलेलं नाही. अध्यक्षांच्या बोटाखालचा एक सूर आणि त्यावर सुमित्राचा आवाज, एवढंच उरलं. तो आवाज तिच्या गळ्यातून येतोय असं वाटेना. तिच्या पाठीमागची सगळी भिंत गात होती. आवाज माझ्या डोक्यावरून गेला, शालींवरून, घोंगड्यांवरून गेला, आणि खोकणारी माणसं खोकायची थांबली. माझ्यासमोर पहिल्या रांगेत एक म्हातारी होती, तिने कानावरची शाल बाजूला केली. मग तिच्या शेजारणीने केली. मी ते बघत होतो आणि माझे डोळे वाहत होते, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. मास्तर वर्षानुवर्षं म्हणत आले होते की खोली हाच पहिला साजिंदा. मला ते वेडेपणाचं बोलणं वाटायचं. त्या दुपारी मी खोलीची साथ ऐकली.

मी वर पाहिलं. हात खाली आला होता. मास्तर शेवटच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते.

बक्षीस आम्हाला मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला की तालाची साथ अपुरी. मी तो शेरा आजही मिरवतो. परत निघताना आम्ही जीपमध्ये दाटीवाटीने बसलो. निम्मा रस्ता सरल्यावर अध्यक्ष खाकरले. सगळे सावरून बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "पुढच्या साली कोनती पट्टी दाबाची ते जरा आधी सांगत जा. माहं बोट दुखून राहिलं."

सुमित्राने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते, ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही.

आता माझी बदली परत भंडाऱ्याला झाली आहे. नव्या खोलीत शिरलो की मीही एक टाळी वाजवतो आणि बायको कपाळाला हात लावते. मला त्यातलं फारसं कळत नाही. मास्तरांना जे ऐकू येतं त्याचा शंभरावा हिस्साही मला येत नाही. पण त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मी शहापूरची गोष्ट सांगतो, आणि तिच्यानंतरची दुसऱ्या दिवसाची माझ्यापाशीच ठेवतो. ती आज लिहितो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुमित्रा बाजार आटोपून रिकामी टोपली घेऊन आली. मास्तरांनी बोलावलं होतं. त्यांनी तिला मागाच्या खोलीत नेलं आणि खिडकीखाली बसायला सांगितलं. तिथे एक जुना चरखा धूळ खात पडला होता.

"काय गाऊ जी?"

"जे मनात येईन ते. मले सांगू नोको."

ते मागावर बसले. मी दाराशी उभा होतो. त्यांनी माग सुरू केला. एकटाच माग, पण त्या लांबट खोलीत त्याने सगळा आवाज भरून टाकला. सुमित्राने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि गायला लागली. ऐकू काहीच येत नव्हतं. खिडकीच्या उजेडात नुसते तिचे ओठ हलताना दिसत होते, मान डोलत होती. एका जागी ती थांबली आणि स्वतःशीच हसली. मास्तर विणत होते आणि तिच्याकडे बघत होते. कापडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. कितीतरी वेळ ते तसंच चाललं.

मग ओळीच्या ऐन मधेच त्यांनी पाय अडवला. माग थांबला.

सुमित्रा थांबली नाही.